त्रेचाळीस खुंट्या

करंडक शेजारच्या कोरिलप क्लबकडेच राहिला. शेवटच्या होलवर, स्वच्छ उन्हात, वाळूवर छान बसलेला बॉल ग्लेनिस पेंगेलीने स्वतःच्या हाताने उचलला, एका फटक्याचा दंड घेतला आणि एकतीस वर्षांनी दारापर्यंत आलेला करंडक दारातूनच परत पाठवला.

हे तुम्ही वाचलेलं नाही. सप्टेंबरचा दुसरा शनिवार आहे, सकाळचे साडेनऊ वाजलेत, अजून कोणी बॉलला हात लावलेला नाही आणि या वर्षी डुंडालिन गोल्फ क्लब जिंकणार आहे.

डुंडालिन हे गावाचं खरं नाव नाही. का, ते पुढे कळेल. गाव गव्हाच्या पट्ट्यात आहे, पर्थहून गाडीने चार तास. लोकसंख्या एकशे बारा. त्यातले चौसष्ट जण क्लबचे सदस्य आहेत. उरलेले एकतर दहा वर्षांखालचे आहेत किंवा क्लबशी भांडलेले. मैदानाला नऊ होल आहेत, तेच दोनदा खेळतो म्हणजे अठरा होतात. पाणी पुरत नाही, त्यामुळे इतर ठिकाणी होलभोवती हिरवळ असते तिथे आमच्याकडे तेल पाजून दाबलेली काळी वाळू आहे. त्यालाही आम्ही ग्रीनच म्हणतो. शहरातले लोक हसतात. आम्हीही त्यांच्या हिरवळीला हसतो, पण त्यांच्या तोंडावर हसता येत नाही, कारण ते इथे येतच नाहीत.

पहिल्या होलपाशी पत्र्याच्या पाटीवर आमचे तीन स्थानिक नियम रंगवलेत. एक: कावळ्याने बॉल पळवल्यास त्याच जागी दुसरा ठेवावा, साक्षीदार हवा. दोन: ग्रीनवर बॉल ढकलण्याआधी फळीने वाळू सपाट करून घ्यावी आणि फळी जागेवर ठेवावी, बेव्हन, तुलाच सांगतोय. तीन: पांढऱ्या खुंटीपासून एका स्टिकच्या अंतरात बॉल पडल्यास तो दंडाशिवाय उचलून बाजूला ठेवता येईल.

तिसऱ्या नियमाचा आम्हाला अभिमान आहे. जगात बऱ्याच क्लबांकडे हिरवळ असेल, कारंजी असतील, टॉवेल देणारी माणसं असतील. फुलाला आधी वाट देणारा क्लब आमचा.

ऑर्किड म्हटलं की लोकांना जांभळं, रुबाबदार, फुलदाणीत ठेवायचं काहीतरी आठवतं. आमचं तसं नाही. उघड्या वाळूला चिकटलेलं, नाण्याएवढं, पत्त्यांतल्या बदामासारखं एकच पान. त्यातून काडीसारखा वीतभर देठ. आणि टोकाला करपलेल्या मटणाचा तुकडा लटकावा तसं एकच फूल. त्या तुकड्याला बिजागरी असते. तो तुकडा म्हणजे गांधीलमाशीची मादी. खरी नाही, फुलाने बनवलेली. नर वास घेत येतो, मिठी मारतो, उचलून न्यायला बघतो, तोच बिजागरी फिरते आणि नवरदेव उलटा होऊन पाठीवर आपटतो, नेमका परागांवर. पाठीला पिवळा ठिपका लागतो, तो घेऊन तो रागाने उडतो आणि दुसऱ्या फुलावर जाऊन पुन्हा तेच करतो. नाव, हातोडा ऑर्किड. आमच्या अख्ख्या मैदानावर फटका न चुकणारं तेवढं एकच आहे.

आमच्या या कोपऱ्याबाहेर ते जगात कुठेही उगवत नाही. उपटून दुसरीकडे लावलं तर मरतं. बेव्हन पर्थला राहायला गेला होता तेव्हा त्याचंही तसंच झालं, फक्त तो आठवड्यात परत आला.

हे सगळं मला ग्लेनिसने शिकवलं. ग्लेनिस एकाहत्तर वर्षांची. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, त्यामुळे गावातला पन्नाशीच्या आतला कोणीही अजून तिच्यासमोर तोंडात घास ठेवून बोलत नाही. बसमध्ये दंगा केला की पुढच्या सीटवर बसायची शिक्षा असे, आणि पुढची सीट म्हणजे चाळीस किलोमीटर ऑर्किड. मी पुढच्या सीटवरच वाढलो. मला सगळे बुटका म्हणतात. माझी उंची सहा फूट चार इंच आहे. आमच्याकडे टोपणनावं अशीच ठेवतात. तक्रार केली की पक्की होतात.

क्लबच्या भिंतीवर एक लाकडी फळा आहे. करंडक जिंकणाऱ्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत. एकतीस वर्षं त्यावर नवं नाव चढलेलं नाही. ग्लेनिस एक्केचाळीस वर्षं सदस्य. ती कप्तान झाली, खजिनदार झाली, संडासाची टाकी तुंबली तेव्हा प्लंबर झाली. फळ्यावर मात्र नाही. नोव्हेंबरमध्ये तिचे दोन्ही गुडघे बदलायचे होते आणि त्यानंतर ती खेळणार नव्हती. याबद्दल ती एकदाच बोलली.

"फळ्यावर खाली एक ओळ मोकळी आहे, बुटक्या. पेंगेली मावतं त्यात. मी मोजलंय."

म्हणून सांगतो, त्या दिवशी जिंकायचं होतं.

कोरिलप आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर. त्यांचा कप्तान डेस क्विलर्बी, मेंढ्यांचा माणूस, पासष्टीचा. दर वर्षी तो करंडक गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणतो आणि त्याला पट्टा लावतो. दर वर्षी तसाच परत नेतो. सामना जोडीचा: दोघांत एक बॉल, आळीपाळीने मारायचा. आमची जोडी ग्लेनिस आणि मी. बरोबरी झाली तर करंडक जिथे आहे तिथेच राहतो. हा नियम कोरिलपने सुचवला होता, त्यांच्याकडे करंडक आल्यावर आठवड्याभराने.

सतरा होलपर्यंत बरोबरी होती. पाचव्यावर कावळ्याने त्यांचा बॉल नेला आणि डेस पाच मिनिटं त्या कावळ्याशी डुंडालिनचा माणूस असल्यासारखा भांडला. अकराव्यावर मी झाड मारलं. ग्लेनिस लंगडत होती, पण फटका असा मारायची की लंगडणं हा पवित्राच वाटावा.

अठरावं होल म्हणजे नवव्याचीच दुसरी फेरी. डाव्या अंगाला खुंट्यांचं रान: पांढऱ्या त्रेचाळीस खुंट्या. दर रविवारी ग्लेनिस तिथे पोटावर सरपटत फिरते आणि खुंट्या नीट करते. बाकी कोणी फूल पाहिलेलं नाही, कारण ते बघायचं तर पोटावर झोपावं लागतं, आणि आमच्या गावात पोटं मोठी आहेत.

ग्लेनिसने पहिला फटका मारला, सरळ, दूर. दुसरा माझा.

"डावीकडे मार," ती म्हणाली. "खुंट्यांच्या अंगाने."

आमच्याकडे सगळे तसंच मारतात. बॉल खुंटीजवळ पडला तर फुकट उचलून चांगल्या जागी ठेवता येतो. मग मुद्दाम तिकडेच मारलेलं बरं.

"मार मार," डेस मागून म्हणाला. "डुंडालिनचं गोल्फ म्हणजे उचलून ठेवायचा खेळ. आम्ही आपले बिचारे मारतो."

"डेस, तुझा बॉल मघाशी पक्ष्याने जिंकला," मी म्हणालो.

"पक्ष्याने निदान स्वतः उचलला. खुंटी नाही शोधली."

माझं डोकं फिरलं. मी उजवीकडे मारला, जिथे एकही खुंटी नाही. बॉल सुंदर गेला, दोन झुडपांमधल्या उघड्या वाळूत पडला आणि थांबला. ग्रीन तिथून साठ पावलं. मागे वळून पाहिलं तर ग्लेनिसचा चेहरा असा, की जणू मी बॉल मारला नाही, तिची खिडकी फोडली.

"तिकडे कशाला मारलास?"

"खुंटी नाही ना तिकडे. इमानदारीत जिंकू."

त्या गुडघ्यांनी ती माझ्याआधी तिथे पोचली. झुडपांमुळे बॉल पटकन दिसेना, म्हणून आम्ही कोरिलपला म्हणालो, तुम्ही संपवून घ्या. त्यांनी संपवलं. पाच फटके.

आमचे दोन झाले होते. तिसरा ग्लेनिसचा, साठ पावलांवरून, आणि साठ पावलांवरून ग्लेनिस बॉल होलच्या तोंडाशी आणून ठेवते; हे गावात कुत्र्यांनाही माहीत आहे. चौथा माझा, हातभर अंतरावरून. चार म्हणजे करंडक. पाच म्हणजे बरोबरी, म्हणजे पुन्हा कोरिलप.

ग्लेनिस टोपी हातात घेऊन बॉलवर सावली धरून उभी होती. मी वाकलो. बॉल एका बदामाच्या आकाराच्या पानावर बसला होता आणि वीतभर देठाला टेकला होता. टोकाला करपलेल्या मटणाचा तुकडा. पुढच्या सीटवरून ऐकलेलं सगळं, पहिल्यांदा डोळ्यांसमोर. एवढंसं होतं. मला ते बसएवढं वाटायचं.

"ग्लेनिस, खुंटी कुठंय?"

"हळू बोल."

"फूल आहे आणि खुंटी नाही?"

"खुंटी नाही म्हणूनच फूल आहे."

मी डावीकडे त्रेचाळीस खुंट्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"तिकडे किती फुलं आहेत?"

"एकही नाही."

अकरा वर्षांपूर्वी शहरातून तीन गाड्या आल्या होत्या, फोटो काढणाऱ्यांच्या. तेव्हा खुंट्या खऱ्या होत्या. ते लोक एका फुलाचा फोटो काढायला झोपले आणि उठले तेव्हा त्यांच्या पोटाखाली चार रोपं चपटी झालेली. पुढच्या आठवड्यात कोणीतरी फावडं घेऊन आलं आणि खड्डा ठेवून गेलं. त्यानंतरच्या रविवारी ग्लेनिस आणि रोमाने सगळ्या खुंट्या उपटल्या आणि जिथे काही उगवत नाही तिथे ठोकल्या. रोमा आमच्या क्लबची गुण लिहिणारी. नूंगार आहे, गहू, मेंढ्या आणि गोल्फ यायच्या आधीपासून तिची माणसं इथलीच, आणि ग्लेनिसला पहिलं हातोडा ऑर्किड दाखवलं तेही तिनेच. तेव्हापासून फोटोवाले खुंट्यांकडे जातात, बॉल खुंट्यांकडे जातात, आणि सतरा खरी रोपं उजवीकडे शांतपणे आपल्या माशीची वाट बघतात.

"म्हणजे अकरा वर्षं आम्ही फुकटच बॉल उचलतोय?"

"पाटी वाच. खुंटी लिहिलंय. फूल कुठे लिहिलंय?"

"मग आता सांग ना, इथे फूल आहे, खुंटी ठोकायची राहिली."

"व्हरांड्यात पस्तीस माणसं बसलीयत, बुटक्या. प्रत्येकाच्या हातात फोन. पाच मिनिटांत सगळे इथे पोटावर असतील."

"हळूच मार मग. देठ वाचवून."

"पानावर बसलाय. एकच पान असतं त्याला."

तिने क्लबच्या इमारतीकडे पाहिलं. तिथून फळा दिसत नाही. तरी पाहिलं.

तेवढ्यात डेस आला, हात खिशात, पाच फटके संपवलेल्या माणसाच्या चालीने. "काय ठरतंय? मारताय की प्रार्थना चाललीय?"

ग्लेनिसने टोपी पुढे केली, पण उशीर झाला होता. माझ्या कानाजवळून काहीतरी भुणभुणत गेलं आणि फुलाभोवती वेडंवाकडं फिरू लागलं. गांधीलमाशी. नर. तो त्या तुकड्यावर बसला, मिठी मारली, पंख फडफडवले, बिजागरी फिरली, आणि ठप्प. उलटा. पुन्हा प्रयत्न केला. ठप्प. तिसऱ्यांदाही तेच. मग त्याने मिठी सोडली आणि उडाला, तेव्हा पाठीवर पिवळा ठिपका चमकत होता.

डेसचे हात खिशातून बाहेर आले होते.

"चौथ्यावर," तो म्हणाला, अगदी हळू.

"काय चौथ्यावर?" ग्लेनिस म्हणाली.

"आमच्याकडे. चौथ्या होलवर. नऊ आहेत." त्याने घसा साफ केला. "आमच्या खुंट्या सातव्यावर आहेत. एकोणतीस."

ग्लेनिसने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो तिला दिसला. "तू सरपटतोस? त्या पोटाने?"

"मी सरपटत नाही. लोळतो."

मग डेस खाली बसला, वाळूकडे बघत राहिला आणि म्हणाला, "इथे सशाचं बीळ आहे."

"कुठंय?"

"आहे म्हण. बिळातला बॉल दंडाशिवाय उचलता येतो, हा तर सगळ्या जगाचा नियम आहे. मी साक्ष देतो. कोरिलपचा कप्तान साक्ष देतोय म्हटल्यावर कोण विचारणार? उचल, बाजूला ठेव, मार, करंडक घे आणि जेवायला चल."

मी ग्लेनिसकडे पाहिलं. ती डेसकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा, मी शपथेवर सांगतो, बसमध्ये कोणीतरी सीट फाडल्यावर व्हायचा तसा झाला.

"इथे बीळ नाही, डेस."

"मला माहितीय नाही."

"असतं तर मीच बुजवलं असतं."

"ग्लेनिस, शहाणपणा सोड. त्रेचाळीस खुंट्या खोट्या ठोकल्यास, त्यात एक बीळ काय जड आहे?"

"त्या खुंट्या त्याच्यासाठी ठोकल्या." तिने फुलाकडे बोट दाखवलं. "माझ्यासाठी एकही ठोकलेली नाही."

तिने स्टिक माझ्या हातात दिली, ते गुडघे एकेक करून वाळूत टेकले आणि चिमणीचं अंडं उचलावं तसा बॉल उचलला. पान थोडं दबलं होतं, फाटलं नव्हतं. मग ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि शाळेच्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत जायचा त्या आवाजात ओरडली:

"खेळता येत नाही! एक फटका दंड!"

व्हरांड्यातून "काय?" असा पस्तीस जणांचा एकच आवाज आला.

तिने दोन स्टिकच्या अंतरावर बॉल टाकला आणि मारला. होलपासून वीतभर. त्या मैदानावर त्याहून चांगला फटका मी पाहिलेला नाही. मी फळीने काळी वाळू सपाट केली, बॉल आत ढकलला, फळी जागेवर ठेवली. माझ्या डोळ्यांत वाळू गेली होती. वारा नव्हता.

पाच. बरोबरी. कोरिलप.

जेवणाला करी घातलेल्या अंड्याचं सँडविच होतं आणि खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक, आणि त्याहून जास्त टोमणे होते.

"ग्लेनिस, आधी गुडघे की आधी डोळे?" बेव्हनने विचारलं. "डॉक्टरला सांग, दोन्ही एकदमच बदल."

"वाळूत काय दिसलं तुला, साप?"

"स्वतःचं नाव दिसलं असेल, घाबरली."

ग्लेनिसने लॅमिंग्टन खाल्ला आणि बोटं चाटली. "बेव्हन, फळी कुठे ठेवलीस?" एवढंच म्हणाली, आणि बेव्हन बाहेर गेला. मी तिच्या शेजारी बसलो होतो. सहा फूट चार इंच मला त्या दिवशी कमी पडत होते. इतका ताठ मी आयुष्यात बसलेलो नाही.

रोमा गुणांची वही घेऊन आली. दंडाचं कारण लिहायचं असतं. तिने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिसने भुवई एवढीशी उजवीकडे हलवली. रोमाने लिहिलं: "बॉल खेळण्याजोगा नव्हता. कारण: घरगुती." खाली शिक्का मारला, आणि शिक्क्यावर दुसऱ्यांदा शिक्का मारला, जे ती कधी करत नाही.

डेस दर वर्षी करंडक घेऊन चाळीस मिनिटं भाषण करतो, त्यातली वीस मेंढ्यांवर. यंदा तो उभा राहिला, "आभारी आहे," म्हणाला आणि बसला. लोकांना वाटलं आजारी आहे. जाताना मी त्याच्या गाडीपर्यंत गेलो. त्याने करंडक पुढच्या सीटवर ठेवला, थोडा विचार केला आणि पट्टा लावला नाही.

नोव्हेंबरमध्ये ग्लेनिसचे गुडघे बदलले. त्याआधी तीन रविवार तिने मला सरपटायला शिकवलं. ती खुर्चीवर बसायची, हातात चहा, आणि ओरडायची, "पोट खाली, बुटक्या! ढुंगण ऑर्किडला दिसता कामा नये!" त्या देठावर शेंग धरली, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मी तिला ते सांगितलं तेव्हा तिने चहा खाली ठेवला, टोपी काढली आणि परत घातली. ऐंशी मेंढ्यांचा ट्रक उलटला तेव्हाही ज्या माणसाने मानाने टोपी काढली नाही असं म्हणतात, ते माणूस म्हणजे ग्लेनिस.

गावात अजून तिची थट्टा चालते. मी गप्प बसतो. गप्प बसून एवढा अभिमान वाटू शकतो हे मला आधी माहीत नव्हतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही: गावाचं नाव खोटं, माणसांची नावं खोटी, होलचा नंबर खोटा, उजवं-डावं मी जागोजागी बदललंय. खुंट्या तेवढ्या खरंच त्रेचाळीस आहेत.

एक कागद मात्र मी खरोखर पाठवला. त्याची प्रत खाली देतो.

प्रति,
माननीय सचिव, गोल्फ नियम समिती.

विषय: नियमावलीत एक कलम वाढवणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, पुढील कलम नियमावलीत घालण्यात यावे: "जे कारण सांगण्यास खेळाडू बांधील नाही अशा कारणासाठी, जी जागा दाखवण्यास खेळाडू बांधील नाही अशा जागेवरून, बॉल दंडाशिवाय उचलता येईल." सदर कलम मागील सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपासून लागू समजण्यात यावे, आणि त्यानुसार एका भिंतीवरील एका फळ्याच्या शेवटच्या ओळीत एक आडनाव सोनेरी रंगाने रंगवण्यास मंजुरी मिळावी. जागा मोजून पाहिलेली आहे, मावते. क्लबचे नाव, ठिकाण, पुरावे व साक्षीदार अर्जासोबत जोडलेले नाहीत व मागूनही जोडले जाणार नाहीत. प्रत्यक्ष पाहणीसाठी समितीने कोणास पाठवल्यास त्यांना त्रेचाळीस खुंट्या दाखवण्यात येतील. मंजुरीचे पत्र उलट टपाली पाठवावे. पत्ता कळवता येत नाही.